रक्तातील फिरत्या पेशी आणि अन्ननलिकेचा कर्करोग

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे, संस्कृत पोथ्या आणि मोडी कागदपत्रे यांच्या जोडीला रुग्णांची काही नोंदपत्रेही जतन करून ठेवलेली आहेत. दुसरे सरफोजीराजे यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, 'धन्वंतरी महाल' नावाची संस्था राजाश्रयाने चालत असे. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य तेथे एकत्र काम करीत. ही नोंदपत्रे त्या काळातील नेत्ररुग्णांची आहेत. रुग्णाची तक्रार, त्याच्या डोळ्याची स्थिती आणि त्यावर केलेले उपचार यांचे वर्णन त्यांत असून सोबत रोगग्रस्त डोळ्यांची चित्रेही काढलेली आहेत. पाहिलेले लिहून ठेवावे, म्हणजे पुढे काय घडले याच्याशी ते ताडून पाहता येते, ही दृष्टी त्यांमागे होती.

डोळा समोर असतो, म्हणून त्याचे चित्र काढता येते. परंतु जो रोग छातीच्या पोकळीत, श्वासनलिका आणि पाठीचा कणा यांच्या मधल्या अरुंद जागेत वाढतो, त्याची खूण बाहेरून कोठे शोधावयाची? अन्ननलिकेच्या कर्करोगाबाबत हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे एक नवे उत्तर रुग्णाच्या दंडातून काढलेल्या रक्तात सापडू शकेल, अशी आशा गेल्या काही दशकांत निर्माण झालेली आहे. ती कशावर आधारलेली आहे आणि कोठवर खरी आहे, हे आपण येथे पाहू.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. मराठीतील 'कर्करोग' हा शब्द खेकड्यावरून आला. ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. तंजावरच्या मराठी कुटुंबांच्या कानांवर मात्र रुग्णालयात 'पुट्रुनोय्' हा तमिळ शब्द पडतो. 'पुट्रु' म्हणजे वारूळ आणि 'नोय्' म्हणजे रोग. हे नाव मला अधिक अर्थपूर्ण वाटते. खेकडा आपल्या नांग्यांनी एका जागी धरून बसतो; वारुळाचे तसे नाही. जमिनीवर जेवढे दिसते त्याहून पुष्कळ अधिक जमिनीखाली असते, आणि तेथून वाटा दूरवर फुटलेल्या असतात.

अन्ननलिकेला तमिळमध्ये 'उणवुक्कुळाय्' म्हणतात. त्याचाही अर्थ अन्नाची नळीच. प्रौढ माणसात ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. ती ताणली जाणारी आहे, हा तिचा गुण. आणि रोगाच्या दृष्टीने तोच तिचा दोष. आतून अर्बुद वाढू लागले तरी उरलेली भिंत ताणली जाते आणि घास खाली उतरत राहतो. नळीची पोकळी बरीचशी आक्रसल्याशिवाय गिळताना अडथळा जाणवत नाही. आरंभी भाकरी किंवा भाताचा मोठा घास अडल्यासारखा वाटतो, मग माणूस नकळत मऊ पदार्थांकडे वळतो, नंतर पातळ पेजेकडे. या प्रत्येक पायरीवर तो स्वतःची समजूत घालीत असतो. दातांचा दोष असेल, पित्त असेल, वय झाले असेल! वजन उतरू लागले म्हणजे घरची माणसे त्याला वैद्याकडे नेतात, आणि तोवर बहुधा पुष्कळ उशीर झालेला असतो.

या अवयवाच्या रचनेत आणखी एक उणेपण आहे. पोट आणि आतडे यांच्या बाहेरून एक पातळ, गुळगुळीत आवरण असते. अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला ते नाही. शिवाय तिच्या आतील अस्तराखाली लसीकावाहिन्यांचे दाट जाळे वर-खाली पसरलेले असते. त्यामुळे भिंतीत थोड्याच खोलीवर गेलेल्या अर्बुदाच्या पेशीही लसीकाग्रंथींपर्यंत लवकर पोचू शकतात. २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसे त्याने मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे पाहिले, म्हणजे या रोगाचे स्वरूप वेगळे सांगावे लागत नाही.

या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन. अन्ननलिकेच्या मूळच्या चपट्या, शल्कासारख्या पेशींपासून होणारा तो शल्कपेशी कर्करोग. आणि खालच्या टोकाशी, बहुधा जठरातील आम्ल वारंवार वर येऊन बदललेल्या अस्तरातून उद्भवणारा तो ग्रंथिपेशी कर्करोग. पश्चिमेकडील अनेक देशांत दुसऱ्याचे प्रमाण अधिक आहे. भारतात पहिला अधिक आढळतो. तंबाखू आणि मद्य ही त्याची प्रमुख कारणे. कावेरीच्या खोऱ्यातील विड्याची पाने प्रसिद्ध आहेत. त्या पानाला दोष देण्याचे कारण नाही, परंतु त्यात सुपारी आणि तंबाखू पडली म्हणजे गोष्ट बदलते. तंबाखूयुक्त विडा हा तोंड, घसा आणि अन्ननलिका या तिन्ही ठिकाणच्या कर्करोगाचे कारण आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. ६५ अंश सेल्सियसहून अधिक गरम पेये बहुधा अपायकारक ठरतात, असेही त्या संस्थेने २०१६ साली नमूद केले.

आता रक्ताकडे वळू. १८६९ साली मेलबर्न येथील टॉमस ॲशवर्थ या डॉक्टराने कर्करोगाने मरण पावलेल्या एका माणसाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या माणसाच्या शरीरावर अनेक गाठी होत्या. ॲशवर्थने रक्त घेतले ते गाठींपासून दूर असलेल्या पायातील शिरेतून. त्यात त्याला गाठींतील पेशींसारख्याच दिसणाऱ्या पेशी आढळल्या. एकाच माणसाच्या अंगावर इतक्या ठिकाणी गाठी कशा उद्भवल्या, याचा उलगडा या पेशींवरून होऊ शकेल, असे त्याने सुचविले. त्यानंतर २० वर्षांनी, १८८९ साली, लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल त्या अवयवात सारख्याच प्रमाणात पसरत नाही, काही अवयवांतच अधिक रुजतो, हे त्यांना दिसले. बी चहूकडे उडते, पण मानवणाऱ्या जमिनीतच उगवते, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली, आणि ती आजही वापरली जाते.

मूळ अर्बुदापासून सुटून रक्ताबरोबर वाहत जाणाऱ्या अशा पेशींना आपण 'अभिसारी अर्बुदपेशी' म्हणू. त्यांचे आयुष्य मोठे खडतर असते. अस्तराच्या पेशींना शेजारच्या पेशींचा आधार लागतो. तो सुटला की त्यांपैकी बहुतेक मरतात. रक्तप्रवाहाचा रेटा आणि संरक्षक पेशींचे हल्ले उरलेल्यांपैकी पुष्कळांना संपवितात. काही मोजमापांनुसार रक्तात आलेल्या अशा पेशींपैकी निम्म्या एक ते अडीच तासांत नाहीशा होतात. तेव्हा आज काढलेल्या रक्तात त्या आढळल्या, तर त्या आज किंवा फार तर कालच सुटलेल्या असतात. रक्तातील या पेशींची संख्या म्हणजे रोगाची जुनी शिल्लक नव्हे, तर चालू आवक होय. खूण म्हणून त्यांचे महत्त्व आहे ते यामुळेच.

परंतु ती खूण हाती लागणे अतिशय कठीण आहे. चाचणीसाठी साधारणतः ७.५ मिलिलिटर, म्हणजे दीड चमचा रक्त घेतात. एवढ्या रक्तात तांबड्या पेशी तीन-चार हजार कोटी असतात आणि पांढऱ्या पेशी काही कोटी. त्यांमध्ये अर्बुदपेशी असल्या तर एक, दोन, पाच अशा असतात. शिवाय अन्ननलिकेच्या वरच्या व मधल्या भागातील रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जाऊन तेथून फुप्फुसांत शिरते. खालच्या टोकाकडील बरेचसे रक्त आधी यकृतातून जाते. या अवयवांतील केशवाहिन्या अर्बुदपेशींच्या मानाने अरुंद असल्याने पुष्कळशा पेशी तेथेच अडकतात. दंडातील शिरेपर्यंत येणारे रक्त हे सगळे गाळे पार करून आलेले असते. अन्ननलिकेच्या रोगात फुप्फुसे आणि यकृत येथे नव्या गाठी वारंवार का आढळतात, हेही यावरून बरेचसे कळते.

संख्या इतकी अल्प असल्याने एक साधा हिशेब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते असे धरू. त्या सगळ्या रक्तात मिळून साधारण ६७० अर्बुदपेशी फिरत असतील, तर ७.५ मिलिलिटरच्या नळीत सरासरी एक पेशी येईल. पण सरासरी एक याचा अर्थ प्रत्येक नळीत एक असा नव्हे. अशा १०० नळ्या भरल्या तर सुमारे ३७ नळ्यांत एकही पेशी सापडणार नाही, आणि सुमारे २६ नळ्यांत दोन किंवा अधिक सापडतील. माणूस एकच, रोग एकच. तरीही सकाळच्या नळीत शून्य आणि दुपारच्या नळीत दोन! चाचणीच्या कागदावर 'आढळल्या नाहीत' हे शब्द वाचून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब कोणी समजावून सांगितलेला असतो, असे मला वाटत नाही.

पेशी शोधण्याची सर्वांत प्रचलित रीत चुंबकाची आहे. अस्तराच्या पेशींच्या पृष्ठभागावर 'एपकॅम' नावाचे एक प्रथिन असते. रक्तातील पेशींवर ते नसते. या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड अतिसूक्ष्म लोहकणांना जोडून ते रक्तात मिसळतात आणि चुंबकाने त्या कणांसह पेशी बाजूला ओढून घेतात. मग रंग देऊन तीन गोष्टी पाहतात. पेशीला केंद्रक आहे काय, तिच्यात अस्तरपेशींचे सायटोकेरॅटिन हे तंतुमय प्रथिन आहे काय, आणि पांढऱ्या पेशींची सीडी-४५ ही खूण तिच्यावर नाही ना? तिन्ही कसोट्यांना उतरली तर ती अर्बुदपेशी म्हणून मोजतात. 'सेलसर्च' या नावाची अशी यंत्रणा अमेरिकेत २००४ साली मान्य झाली, ती स्तनाच्या दूरवर पसरलेल्या कर्करोगासाठी. पुण्यात विकसित झालेल्या 'ऑन्कोडिस्कव्हर' या चाचणीतही एपकॅम आणि चुंबकीय कण यांचाच आधार घेतलेला आहे.

या रीतीत पेशी धरण्यासाठी एक मूठ लागते, आणि एपकॅम ही ती मूठ. अडचण नेमकी येथेच आहे. अन्ननलिकेच्या शल्कपेशी कर्करोगात या प्रथिनाचे प्रमाण रुग्णागणिक बदलते; काही अर्बुदांत ते फारच कमी असते. त्यातच, मूळ जागेपासून सुटताना अनेक पेशी आपले अस्तराचे रूप टाकून अधिक चंचल, संयोजी ऊतकातील पेशींसारखे रूप धारण करतात आणि तसे करताना एपकॅमही गमावतात. म्हणजे दूरवर जाऊन रुजण्याची शक्यता ज्या पेशींत अधिक, त्याच चुंबकाच्या हातून निसटण्याची भीती अधिक. यावर उपाय म्हणून पेशींना आकारमानावरून वेगळे करणाऱ्या चाळण्या तयार करण्यात आल्या. त्यांची छिद्रे साधारण ८ मायक्रॉनची असतात. मोठ्या अर्बुदपेशी वर राहतात, रक्तातील बहुतेक पेशी खाली जातात. पण लहान अर्बुदपेशीही त्यांच्याबरोबर खाली जातात आणि काही मोठ्या पांढऱ्या पेशी वर राहतात. एका पद्धतीने आलेला आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही, हे तर उघडच आहे.

असे असूनही या पेशी काही सांगतात काय? सांगतात. हँबर्ग येथील शल्यविशारदांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी चुंबकीय रीतीने तपासले होते. त्यांपैकी १८ जणांत अर्बुदपेशी आढळल्या. नेहमीच्या तपासण्यांत या रुग्णांचा रोग दूरवर पसरलेला दिसत नव्हता. पुढे पाठपुरावा केल्यावर असे दिसले की, पेशी आढळलेल्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक होते आणि त्यांचे आयुष्य कमी ठरले. शल्यविशारदाच्या डोळ्यांना आणि छायाचित्रांना जे दिसले नव्हते त्याची सूचना रक्ताने दिली, असे म्हणता येईल. मात्र उरलेल्या ८२ जणांपैकी कोणाचाच रोग पसरला नव्हता असा अर्थ त्यातून निघत नाही. पेशी सापडणे ही वाईट बातमी आहे. न सापडणे ही चांगली बातमी असेलच असे नाही.

भविष्य सूचित करणारी खूण आणि उपचार ठरविणारी खूण या दोन निराळ्या वस्तू आहेत. हा भेद स्तनाच्या कर्करोगाबाबत अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने फार स्पष्टपणे दाखवून दिला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पसरलेला रोग असलेल्या ज्या स्त्रियांच्या रक्तात आरंभापासूनच या पेशी कमी होत्या, त्यांचे मध्यमान आयुष्य ३५ महिने भरले. ज्यांच्या पेशी आधी अधिक होत्या पण पहिल्या रसायनोपचारानंतर कमी झाल्या, त्यांचे २३ महिने. आणि उपचारानंतरही ज्यांच्या पेशी अधिकच राहिल्या, त्यांचे १३ महिने. यापेक्षा ठळक खूण कोणती असू शकेल? परंतु या शेवटच्या गटातील स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन भाग करून निम्म्यांचे औषध लगेच बदलण्यात आले, तेव्हा त्यांच्या आयुष्यात काही भर पडली नाही. रक्ताने खरे सांगितले होते. त्यावर देण्यासारखे अधिक चांगले औषध मात्र हाताशी नव्हते.

अन्ननलिकेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, याचे कारण येथील शस्त्रक्रिया. छाती आणि पोट अशा दोन्ही ठिकाणी काम करून अन्ननलिकेचा मोठा भाग काढावा लागतो आणि जठराची नळी करून ती वर जोडावी लागते. रुग्णाच्या जेवणाची, झोपेची, चालण्याफिरण्याची रीत कायमची बदलते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलंड्समधील एका मोठ्या प्रयोगात शस्त्रक्रियेपूर्वी रसायनोपचार आणि किरणोपचार एकत्र दिल्याने मध्यमान आयुष्य २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. हे उपचार घेतलेल्या शल्यपेशी प्रकाराच्या, म्हणजे आपल्याकडे अधिक आढळणाऱ्या शल्कपेशी कर्करोगाच्या रुग्णांपैकी ४९ टक्के रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत अर्बुदाचा मागमूस उरलेला नव्हता. अशांना शस्त्रक्रियेवाचून ठेवून, वारंवार तपासत राहता येईल काय? असे कोण आहेत हे आधी ओळखता आले तरच.

येथे रक्ताच्या नळीकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले जाते. तथापि अन्ननलिकेच्या भिंतीत उरलेल्या मूठभर पेशी त्या क्षणी रक्तात कोणाला सोडत असतीलच असे नाही. म्हणून आजमितीस हा निर्णय अंतर्दर्शनाने पुन्हा पुन्हा घेतलेले तुकडे आणि छायाचित्रण यांच्या आधारानेच घ्यावा लागतो. मरणाऱ्या अर्बुदपेशींतून रक्तात सांडणाऱ्या जनुकद्रव्याच्या तुकड्यांचाही शोध घेतला जात असून ते पेशींपेक्षा मोजावयास सोपे आहेत. पेशीचा लाभ असा की ती सबंध हाती येते. जिवंत मिळाली तर तिच्यावर औषधे तपासून पाहता येतात. दोन्ही मार्ग एकमेकांना पूरक ठरण्याचा संभव आहे.

या खुणांचे मोल ठरविण्यासाठी रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. भारतात त्याचा पाया निरनिराळ्या ठिकाणी घातला गेला. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली. मद्रासमधील अड्यारची कर्करोग संस्था १९५४ सालची. आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी पहिली नोंदणी सुरू झाली. खेड्यातील रुग्णाला गाठून तो जिवंत आहे काय, हे विचारणे हे काम दिसावयास किरकोळ. पण त्यावाचून कोणत्याही चाचणीचा आकडा मुकाच राहतो.

तंजावरसारख्या ठिकाणच्या वाचकाला यातून व्यवहारात काय घ्यावयाचे? गिळताना घास अडतो अशी तक्रार दोन-तीन आठवडे टिकली, तर रक्ताच्या या चाचणीकडे नव्हे, अंतर्दर्शनाकडे जावे. निरोगी माणसात रोग हुडकण्यासाठी, किंवा अडथळ्याचे कारण ठरविण्यासाठी, ही चाचणी उपयोगाची नाही. रोग निश्चित झालेला असेल आणि कोणी ही चाचणी सुचवीत असेल, तर उत्तर काहीही आले तरी उपचारात काय फरक पडणार, हे आधी विचारावे. फरक पडणार नसेल, तर तो पैसा प्रवासाला, आहाराला आणि औषधाला राखून ठेवणे शहाणपणाचे.

एखाद्या संशोधन प्रकल्पात नाव घातले जात असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे रुग्णाचे रक्त पुढच्यांच्या उपयोगी पडते. अशा वेळी एक बारीकशी बाब महत्त्वाची ठरते. सेलसर्चसाठी रक्त ज्या खास नळीत घेतात, तिच्यात ते १५ ते ३० अंश सेल्सियस तपमानात ९६ तासांपर्यंत टिकते; ते बर्फात ठेवावयाचे नसते. कावेरीच्या मुलुखात वैशाखात दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर सहज जातो. ती नळी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जाईपर्यंत सावलीत, बेताच्या गारव्यात राहील अशी व्यवस्था झाली नाही, तर चार पेशींपैकी किती शिल्लक राहतील हे तपासणाऱ्यालाही कळणार नाही.